मुकी कात्री

जळगाव, सोमवार. दुकान बंद.

नानाशी पुन्हा बोलणार नाही. थोरला भाऊ असला म्हणून काय झालं? विक्रेत्याने दाखवायला ठेवलेली जपानी कात्री त्याने हवेत दोनदा चालवली आणि बाजूला टाकली. "हाई काय कात्री शे? आवाजच नही!" कानाशी कचकच झाली नाही तर गिऱ्हाइकाला केस कापल्यासारखं वाटत नाही म्हणे. कात्री कापायला असते की वाजवायला? घेतली शेवटी पत्र्यासारखी वाजणारीच. जपानी उद्या परत जाणार.

संध्याकाळी स्वतःचेच केस कापून घ्यायला खुर्चीत बसला. मी मुद्दाम जपानी उचलली. बऱ्याच वेळाने, डोळे मिटलेलेच, खेकसला, "आते चालू कर ना!"

तोवर अर्धं डोकं कापून झालं होतं. मी कात्री खिशात टाकली आणि घरी निघून आलो.