त्या रविवारी कर्णा बंद होता

प्रिय मामा,

आज रविवार. जेवणं उरकलीत, आई भांडी घासतेय आणि मी चुन्याची गोणी दाराशी ठेवून तुला लिहायला बसलोय. तू असतास तर म्हणाला असतास, "निल्या, कागदावर काय रेघोट्या ओढतोस? मैदानावर ओढ!" ओढतो रे. चार वाजायच्या आत ओढतो. पण आधी हे.

परवा तुझा तेरावा झाला. देवळ्याहून आलेली पाहुणेमंडळी संध्याकाळच्या एसटीनं परत गेली आणि घर एकदम मोकळं झालं. तेवढ्यात आपला केबलवाला पप्पू जिन्यातूनच ओरडला, "निलेश, टीव्ही लाव! मामांची फायनल दाखवतोय. श्रद्धांजली म्हणून!"

मी उठून चपला घालत होतो. आईनं हात धरला. "बस. कुठं पळतो? माझा भाऊ बोलणार हाय, बस."

आणि मामा, ती मॅच मी परवा पहिल्यांदा पाहिली. जिच्यात मी स्वतः खेळलो होतो ती!

तुझा आवाज टीव्हीतून आला तसा आईनं पदर तोंडाला लावला. मला आधी आठवला तो कर्णा. मैदानाच्या कडेच्या लिंबावर बांधलेला, गंजलेला. रविवारी चार वाजले की तू माईकवर दोनदा फुंकर मारायचास आणि सगळ्या कॉलनीला हाक द्यायचास, "उठा हो उठा! झोपायचं असेल तर पाळीवर झोपा, आज मैदानात या!" सातपूरच्या कारखान्यांतली तीन पाळ्यांची माणसं ती, हसत हसत बाहेर पडायची. कोणी लुंगीवर, कोणी पोराला खांद्यावर घेऊन. कंपाउंडच्या भिंतीवर जागा मिळायची नाही. नाशकात क्रिकेट सोडून फुटबॉलला एवढी माणसं जमतात, यावर माझ्या कॉलेजातल्या पोरांचा विश्वास बसायचा नाही.

आणि तू नावं कशी घ्यायचास! नुसतं नाव तुझ्या तोंडून कधी आलंच नाही. जो तो आपल्या कामासकट यायचा. "वेल्डर भास्करनं बॉल अडवला! फर्स्ट शिफ्टच्या सलीमकडे दिला! सलीमकडून दूधवाल्या सुभाषकडे!" माणसं आठवडाभर मशीनपुढं मान घालून उभी राहायची ती बहुतेक रविवारी कर्ण्यातून स्वतःचं नाव ऐकायलाच. मी होतो 'कॉलेजचा निलेश'. केवढा ताठायचो मी त्या नावानं!

आणि गॅलरी? मैदानासमोरच्या बिल्डिंगची, पहिल्या मजल्यावरची. मनीषा बरोब्बर चार वाजता कपडे वाळत घालायला यायची. "चार वाजता कोण रे कपडे वाळत घालतं?" असं मला विचारून तू डोळा मारायचास आणि माईकवर म्हणायचास, "गॅलरीतल्या प्रेक्षकांनाही नमस्कार!" ती आत पळायची. पुन्हा यायची. सगळी भिंत खो खो हसायची आणि माझे पाय दुप्पट पळायचे. तुला सगळं कळत होतं, नाही का रे?

मग वर्ल्ड कप आला, जपान-कोरियाचा. आपल्याकडे भर दुपारी लागायचा. घरोघरी टीव्हीपुढं फुटबॉल. पंख्याखाली, चहा पीत, गोल झाला की तोच पुन्हा चार बाजूंनी! लोकांना सवय लागली. हिवाळ्यात आपली टुर्नामेंट सुरू झाली तेव्हा भिंतीवर जागा शिल्लक दिसायला लागली. तू हाक द्यायचास आणि खिडकीतून उत्तर यायचं, "मामा, इंग्लंडची मॅच लागलीय! हाफटाइमला येतो!" यायचं मात्र कोणी नाही.

त्याच दिवसांत माझंही कॉलेज सुटलं. सुटलं कसलं, मी सोडलं. मनीषाची बस गाठायला स्टॉपवर उभा राहण्यात माझी लेक्चरं गेली, हजेरी कमी पडली. सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "कोण आपण? पाहुणे का?" माझं डोकं फिरलं. आयकार्ड टेबलावर आपटून मी बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. आई रडली.  फायनलच्या आदल्या दिवशी चुना भिजवताना तू हळूच म्हणालास, "तुझी हजेरी कमी पडली, माझ्या मैदानाचीही पडली. आपण दोघं एकाच माळेचे." आणि मग, "निल्या, उद्या तुला माईकवर काय म्हणू रे मी? आता कॉलेजचा तर म्हणता यायचं नाही."

मामा, तू सरळ विचारलं होतंस. तुला खरंच प्रश्न पडला होता. मला वाटलं, टोमणा मारलास. मी चुन्याची बादली लाथाडली आणि निघून गेलो. तो पांढरा डाग पाऊस लागेपर्यंत तिथंच होता.

आता तुझ्याशी भांडतो थोडं. भांडू दे.

पप्पूनं ती कल्पना काढली तेव्हा तू हो का म्हणालास? "मामा, फायनल लाईव्ह दाखवू. माझ्या लोकल चॅनेलवर. हजारो किलोमीटर लांबची मॅच बघतात, मग आपल्या कॉलनीची नाही बघणार?" लहान पोरासारखा हरखला होतास तू. आईला म्हणालास, "ताई, सेकंड शिफ्टवाल्याला दिसेल, म्हाताऱ्या माणसाला दिसेल. या रविवारी टीव्हीवर बघतील, पुढच्या रविवारी मैदानात येतील!" आणि शनिवारभर तुझीच जाहिरात लागली होती, तुझ्याच आवाजात. "पाहा, घरबसल्या पाहा, आपल्या कॉलनीची फायनल!"

घरबसल्या! जन्मभर लोकांना घरातून उठवणारा तू, आणि तू म्हणालास घरबसल्या! लोकांनी तुझं ऐकलं रे. मैदानात या म्हणालास ते नाही ऐकलं, हे मात्र ऐकलं. ते घरी बसले.

रविवारी भिंत रिकामी. होते ते फक्त पप्पू, त्याचा कॅमेरा, दोन्हीकडचे राखीव खेळाडू आणि भेळवाला नामदेव. हाफटाइमलाच नामदेवनं टोपली डोक्यावर घेतली. "मामा, लोकं टीव्हीतून भेळ खातील का हो?" तू हसलास. मी तुझ्याकडं बघत होतो, नीट हसला नाहीस तू.

पहिल्या हाफमध्ये कर्णा चालू होता. समोरच्या, फाउंड्रीच्या टीमनं गोल केला तेव्हा तू "फाउंड्रीचा गोल!" म्हणून एवढा ओरडलास की लिंबावरचे कावळे उडाले. माझ्या पायात बॉल आला की मात्र तू अडखळायचास. "आणि आता बॉल... आणि आता बॉल पुढं..." नाव नाही! मी मनात म्हटलं, ठीक आहे मामा. लाज वाटते ना माझी.

आणि दुसऱ्या हाफमध्ये मी गोल केला. सलीमनं उजवीकडून बॉल टाकला, मी अंगावर घेतला, एकाला चकवलं आणि मारला. जाळी हलली. अख्ख्या आयुष्यात असा गोल मी केला नव्हता, पुढंही केला नाही. मी हात वर करून वळलो. आधी गॅलरीकडं. दार बंद. खिडकीच्या काचेवर टीव्हीचा निळा उजेड हलत होता. मग तुझ्याकडं. तू टॉवेलनं तोंड पुसत होतास. आणि कर्णा गप्प. पेंगुळलेल्या दुपारसारखी शांतता, मामा. भास्करनं पाठीवर थाप मारली तेवढाच काय तो आवाज.

मॅच आपण जिंकली की बरोबरीत सुटली हेही मला आठवत नव्हतं. परवा टीव्हीवर कळलं, बरोबरी. चिठ्ठी टाकून ढाल फाउंड्रीला गेली. मी तेव्हा बूट काढून घरी निघून गेलो होतो.

लोकांनी सांगितलं नाही असं नाही. सलीम म्हणाला, "अबे, दुसऱ्या हाफला कर्णा बंद होता. टीव्हीवर कर्ण्याची शिट्टी येत होती म्हणून पप्पूनं त्याची वायर काढली, तुझ्या मामाचा आवाज नुसता टीव्हीवर जात होता." मला वाटलं, सारवासारव करतोय. भास्कर म्हणाला, "तुझा मामा टीव्हीवर रडला की रे!" मला वाटलं, खेचतोय. मी त्याची कॉलर धरली. दुसऱ्या दिवशी स्टॉपवर मनीषा स्वतःहून बोलली. पहिल्यांदा, स्वतःहून! "गोल भारी होता. पाहिला मी."

"कुठून? गॅलरीत तर नव्हतीस."

"टीव्हीवर. टीव्हीवर जवळून दिसतं ना!"

जवळून! पन्नास पावलांवर मी जिवंत उभा होतो, आणि हिला मी टीव्हीवर जवळून दिसलो! ती पुढं म्हणत होती, "आणि तुझे मामा काय म्हणाले ते ऐकलंस का?" मी ओरडलो, "मला नाही ऐकायचं!" स्टॉपवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. तिनं ओढणी सावरली आणि बसमध्ये चढली. तिला विंचूरला दिली. तू पत्रिका माझ्यापासून लपवून ठेवली होतीस, ते मला माहीत आहे.

तूही एकदा म्हणालास, "निल्या, टेप बघ रे एकदा." मी म्हटलं, "मला टीव्ही बघायला वेळ नाही." रिकामा माणूस मी, मला वेळ नाही! एवढ्यावर तू का थांबलास, मामा? कान धरून बसवायचं होतंस. लहानपणी पाढ्यांसाठी बसवायचास तसं. तू का ऐकून घेतलंस माझं?

पुढच्या वर्षी लोक विचारायला लागले, "लाईव्ह दाखवणार ना?" पप्पू म्हणाला परवडत नाही, त्यापेक्षा सिनेमा लावतो. मग टीव्हीवरही नाही आणि भिंतीवरही कोणी नाही. तरी तू रविवारी चार वाजता हाक देत राहिलास. मी घरात उशीखाली डोकं घालायचो. नंतर तुझा आवाज बसत गेला, छातीचं निघालं, आणि मग तू गेलासच. मैदानावर गाजरगवत माजलंय.

परवा टीव्हीवर दुसरा हाफ सुरू झाला. आई म्हणाली, "आता ऐक." म्हणजे तिला पाठ होतं! साऱ्या कॉलनीनं ऐकलं होतं. मैदानावर जे होते तेवढ्यांनीच ऐकलं नव्हतं.

सलीमनं बॉल टाकला. तुझा आवाज चढला. "फर्स्ट शिफ्टच्या सलीमकडून... आणि आता बॉल... आता बॉल..." पुन्हा अडखळलास.  टीव्हीतल्या त्या पोरानं बॉल मारला. जाळी हलली. आणि तू ओरडलास, "मैदानाचा! मैदानाचा निलेश! गोल! सापडलं, सापडलं! सगळ्यांना पाळी आहे, दुकान आहे, ह्याला मैदान आहे! दर रविवारी चुना ओढणारा, मैदानाचा निलेश!" आणि मग तुझा आवाज फुटला, नुसती खरखर आली, आणि कॅमेरा वळला तर तू टॉवेलनं तोंड पुसत होतास.

तोच टॉवेल, मामा. मी पाहिला होता तो. लांबून.

अडखळत होतास ते लाजेनं नाही. नाव शोधत होतास. पूर्ण एक हाफ तू माझ्यासाठी नाव शोधत होतास. आणि सापडलं तेव्हा कर्णा बंद होता.

आई टीव्हीकडं बघत म्हणाली, "लय वाट पाह्यली त्यानं, तू कधी ऐकशील म्हणून."  घरबसल्या मॅच बघणाऱ्यांना मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, आणि तुझं ऐकायला मला घरीच बसावं लागलं. हसशील तू. हस.

काल मी गाजरगवत उपटलं. भास्कर आला मदतीला. त्या कॉलरबद्दल अजून चिडवतो. लिंबावर चढून कर्णा साफ केला, आत चिमणीचं घरटं होतं, रिकामं. पप्पू बघत उभा होता. म्हणाला, "लाईव्ह करू का?" मी म्हटलं, कर. म्हाताऱ्या माणसांना दिसू दे. पण कर्णा बंद होणार नाही. "शिट्टी येईल रे टीव्हीवर!" येऊ दे की! शिट्टीनं कान किटले म्हणजे तरी खिडकी उघडून बघतील.

किती येतील ते मला माहीत नाही. नामदेवला सांगितलंय, तो म्हणाला, "अर्धीच टोपली आणतो." असू दे अर्धी.

मामा, शब्द देतो तुला. दर रविवारी चार वाजता माईकवर दोनदा फुंकर मारीन आणि हाक देईन. भिंत रिकामी असली तरी देईन. घरबसल्या हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. आणि मैदानात जो कोणी पाय ठेवील, नोकरी सुटलेला असो, शाळा सुटलेला असो, त्याला त्याचं नाव शोधून देईन. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

पावणेचार झालेत. चुना ओढायचाय.

तुझाच,
मैदानाचा निलेश