पाणमांजराच्या माथी मारलेला मासा

मी खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, नदीच्या पाण्याची पातळी मोजण्याच्या नोकरीतून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मनात हेवा आहे, पण तो माझा स्वतःचा आहे.

१. राहते घर, सामान व बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीस मिळावी. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली.

२. होडी व दोन्ही वल्ही माझ्या धाकट्या भावास, जाळी विणणाऱ्यास, मिळावीत. तशीही होडी तोच वापरतो. दरवेळी विचारून नेतो, याचाच मला जास्त राग येतो.

३. माझ्या सव्वीस वह्या मुलीस. त्यांत नदीतल्या मिशाळ माशांच्या नोंदी आहेत. थंडीत हे मासे डोहाच्या तळाशी अंगाला अंग लावून पडून राहतात, जवळजवळ काही खात नाहीत. पाणी कोमट झाले की मिशांनी चिखल चाचपत, त्याची चव घेत उथळाकडे निघतात. तो दिवस आधी सांगता यावा म्हणून मी रोज सकाळी तापमापी बुडवली. भाऊ नुसता कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि म्हणायचा, "दादा, परवा निघतील बघ." परवा निघायचे.

"काका, तुला कसं रे कळतं?" मुलगी विचारायची. त्याला ती 'तू' म्हणते, मला 'तुम्ही'. आज ती माशांचा अभ्यास शिकवते. तिचे पुस्तक काकाला अर्पण केलेले आहे. ते पान मी उघडत नाही.

४. हे कलम मुलगी व भाऊ दोघे समोर असताना वकिलांनी मोठ्याने वाचावे.

मुलगी नऊ वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या तोंडाशी, भावाने तिला काठाखालच्या बिळातले मिशाळ माशाचे घरटे दाखवले. मादी अंडी घालून निघून गेली होती. नर एकटाच थांबला होता. अंड्यांना ताजे पाणी मिळावे म्हणून सारखी शेपटी हलवायचा, अन्नाला तोंड लावत नव्हता. शाळा सुटली की काका-पुतणी पालथी पडून ते बघत. घरी आल्यावर "काका म्हणाला, काका म्हणाला" याशिवाय तिच्या तोंडी दुसरे काही नसे.

सहाव्या दिवशी ती शाळेत असताना मी बिळात गळ सोडला. नर भुकेने लागला नाही. अंड्यांजवळ काहीतरी आले म्हणून त्याला हुसकवायला धावला आणि अडकला. मी त्याला खालच्या पुलापाशी सोडून दिले. तो जगला की नाही, वहीत नोंद नाही. तासाभरात बारक्या माशांनी अंडी फस्त केली.

संध्याकाळी तिचे रडे थांबेना. भाऊ बिळापाशी वाकला. तोंडाशी आलेल्या झाडाच्या मुळाला माझ्या गळाच्या दोरीचा तुकडा अडकला होता. ती दोरी त्यानेच मला वळून दिली होती. त्याने तो मुठीत घेतला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि तिला म्हणाला, "पाणमांजर आलं असणार, बाळा."

तीस वर्षे त्याने तोंड उघडले नाही. त्याचा हा चांगुलपणा मला सर्वांत जास्त बोचतो.

बाळा, पाणमांजर नव्हते. मी होतो.

५. हे ऐकून मुलगी उठून काकाकडे जाईल. त्याने तिला जवळ घ्यावे. 'माझी त्यास हरकत नाही' असे वाक्य वकिलांनी सुचवले होते. ते घालू नये. माझी हरकत आहे. तरी त्याने घ्यावे.

हे मृत्युपत्र मी वाचले, समजून घेतले व दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांना यातले काहीही मिळणार नाही.

सही: (मृत्युपत्र करणार)
साक्षीदार १: शेजारच्या शिंपीणबाई (सही)
साक्षीदार २: दवाखान्यातील कंपाउंडर (सही)
स्थळ: राहते घर, नदीकाठ
दिनांक: ४ मार्च