हवेचा डबा

मामाजी, तुमची गाडी चालू झाली. तुम्ही गेल्यापासून ती कुंपणाशी ताडपत्री पांघरून उभी होती आणि उन्हाळ्यात तिच्या टपावर आत्याबाई सांडगे वाळवत होत्या. तुमच्या चिरंजीवांनी एका भंगारवाल्याशी बोलणंही करून ठेवलं होतं. त्यांना गाडी नकोशी नव्हती, तिला रोज तशी पाहणं नकोसं झालं होतं. एका संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला, म्हणजे आत्याबाईंना, ते सांगितलं. आत्याबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "द्याची त द्या भंगारात. पन आदी मले एकदा आष्टीले नेऊन आना. पुढच्या शिटवर."

इतकी वर्षं या घरात सून म्हणून राहून माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. तुम्ही टॅक्सी चालवायचात, तेव्हा पुलगाव-वर्धा फेरीत पुढची सीट सवारीची. दसऱ्याला दीक्षाभूमीला निघालो की पुढे मोहल्ल्यातलं कुणीतरी वडीलधारं. आत्याबाई कायम मागे, मांडीवर डबे घेऊन. तुम्ही कधी नाही म्हणाला नव्हतात आणि त्यांनी कधी मागितलं नव्हतं. पण ऐंशीच्या घरात पोचलेल्या बाईला माहेरी जाताना समोरचा रस्ता बघायचा होता, आणि तोही तुमच्याच ॲम्बेसिडरमधून.

मिस्त्रीनं बॅटरी बदलली, ब्रेक केले, इंजिन शाबूत आहे म्हणाला. अडलं ते एअर क्लीनरच्या डब्यावर. उंदरांनी त्यात घर केलं होतं आणि बूड गंजून हातात आलं. असा डबा आता मिळत नाही, तसाच चालवा, असं त्याचं म्हणणं. तेव्हा मला सावंगीमागचा माळ आठवला. मी नवी नवरी, पदर खोचून स्टिअरिंगला धरून बसलेय आणि तुम्ही शेजारी. समोरून धुळीची वावटळ येते. तुम्ही गाडी बंद करायला लावता, ती निघून गेल्यावर बॉनेट उघडता आणि तो काळा डबा दाखवता. "मानसाच्या नाकात केस काऊन असते? गाडीलेबी नाक लागते. धूळ खाल्ली का इंजिन गेलं." परत येताना मी क्लचवर पाय ठेवूनच चालवत होते, तर तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "पाय काढ. तो पाय ठेवाचा पाट नोहे." अजूनही चुकून पाय तिथं गेला की मी दचकून काढते.

मिस्त्रीला मी सांगितलं, डबा मी करते. मी पाय करते, मामाजी, मग नाक का जमू नये? दवाखान्यातली माझी कार्यशाळा तुम्ही पाहिली होती. नोकरी लागली त्या आठवड्यात तुम्ही टॉवेलात गुंडाळून तुमचे छोटे पाने घेऊन आला होतात आणि म्हणाला होतात, दुसऱ्याच्या पान्यावर काम होत नाही. कृत्रिम पायाची वाटी, उरलेला पाय जिच्यात बसतो ती, आम्ही कशी करतो ते तुम्ही तासभर उभं राहून पाहिलं होतं. आधी प्लास्टरचा साचा, त्यावर फायबरचं कापड, त्यावर रेझिन, पुन्हा कापड. वाळलं की आतला साचा फोडून काढायचा. आतून पोकळ आणि तोंडाशी अचूक. डब्याचंही तेच.

फक्त बॉनेटखाली जागा किती हे कळत नव्हतं. मी आत्याबाईंना कणकेचा गोळा मागितला. कशाला हवा ते ऐकल्यावर त्यांनी मुद्दाम घट्ट मळून दिला. इंजिनावर कापड टाकून मी कणकेचे उंच ढीग मांडले, बॉनेट हळूच लावलं, पुन्हा उघडलं. जिथं जागा कमी तिथं कणीक चपटी. आत्याबाई भिंतीला धरून हसत होत्या. "पोया लाटून राह्यली का वं बॉनेटखाली?" तुम्ही गेल्यानंतर त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पहिला डबा दिसायला देखणा झाला. गाडी सुरूही झाली, पण ॲक्सिलरेटर दाबला की काळा धूर सोडून गुदमरायची. मी पायरीवर बसून राहिले. पाय टोचला तर पेशंट बोट ठेवून सांगतो इथं दुखतं. गाडी काय सांगणार? तेवढ्यात चिरंजीवांनी डब्याचं झाकण काढलं आणि म्हणाले, आत बस, आता दाब. गाडी अशी गरजली की कुंपणावरचे कावळे उडाले. म्हणजे तिला हवाच पुरत नव्हती. मी तोंड अरुंद ठेवलं होतं. ज्यांनी भंगारवाला ठरवला तेच मग सुट्टीच्या दिवशी बनियनवर, अंगभर फायबरची खाज घेऊन, माझ्यासोबत दुसरा साचा घासत बसले. या डब्याला रुंद तोंड केलं, पुढच्या जाळीमागून गार हवा ओढणारी लांब सोंड लावली आणि आत दुसऱ्या गाडीचा कागदी फिल्टर बसवला. गाडी चालली. आवाज मात्र बदलला. तुमची गाडी पुटपुटत जायची. आता जरा दाबलं की डब्यातून भरदार घुमतं.

आष्टीला निघालो तेव्हा आत्याबाई पुढे बसल्या, काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं, अगदी तुमच्यासारखं. डबे मांडीवर घेऊन मागे तुमचा मुलगा. आर्वीच्या पुढे एका चढावर मी गिअर उतरवला, ॲक्सिलरेटर दाबला आणि डबा घुमायला लागला. आत्याबाई घाबरल्या असतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या. म्हणाल्या, "अजून दाब."

आष्टीत बाजाराचा दिवस होता. त्यांचा भाऊ दारात वाट बघत उभा, तर आत्याबाईंनी मला गाडी घरावरून पुढे न्यायला लावली. "आदी बाजारातून एक चक्कर मार." एकीच्या दोन झाल्या. ओळखीच्यांना त्या खिडकीतून जयभीम घालत होत्या, आणि मला वाटतं, बिनओळखीच्यांनाही. भावानं गाडी कुणाची विचारल्यावर म्हणाल्या, "आमचीच. हिनं चालवत आनली." मी त्या दिवशी जेवले किती, मला आठवत नाही, पण घरी येईपर्यंत हसून हसून माझे गाल दुखत होते.

पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याचा फोन आला. आत्याबाईंनी तो चिरंजीवांच्या हातातून घेतला, गाडी कामात हाय एवढं सांगितलं आणि ठेवून दिला. आता दर रविवारी आम्ही कुठंतरी जातो.

एक राहिलं. डब्याला आतून फोमचं अस्तर लावलं की तो आवाज दबेल, गाडी पुन्हा तुमच्या वेळेसारखी पुटपुटेल. फोम कापून कार्यशाळेत ठेवलाय. घरी विचारलं की मी वेळ मिळत नाही म्हणते. वेळ आहे, मामाजी. मला हाच आवाज जास्त आवडतो, तुमच्या गाडीच्या आवाजापेक्षाही. तोंडावर हे सांगायची माझी हिंमत झाली नसती, आणि पत्र पोचणार असतं तर ही ओळही मी लिहिली नसती.