सात गावांच्या मंडईची तारीख

प्रिय आचल,

अनेक आशीर्वाद. पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझी आई चुलीपाशी लाखोरीच्या डाळीचे वडे तळून राहिली आहे आणि तिथूनच मला बजावते आहे की पोरीला आधी तब्येतीचं लिहा, तुमची नाटकं मग करा. तर तब्येत बरी आहे, गुडघा बरा आहे. आता नाटक. फोन काऊन नाही केला म्हणशील. फोन लावला की दोन मिनिटांत तो तुझ्या आईच्या कानाला जातो, आणि माझी पाळी येईस्तोवर तू ‘मीटिंग आहे बाबा’ म्हणतेस. मला मधे कोणी न तोडता बोलायचं आहे, म्हणून कागद घेतला.

बातमी अशी की तू कॉलेजात असताना केलेली आपल्या नाट्यमंडळाची वेबसाइट बंद पडायला आली होती. एकटी आपलीच नाही. आपली पाहून बोरटोला, चिचटोला करत आजूबाजूच्या सहा गावांनी तुझ्याकडून तशीच करून घेतली होती ना, त्या सातही एकाच कंपनीकडे ठेवलेल्या. कंपनीनं कळवलं की तुमचं सगळं जुन्या पद्धतीचं आहे, दसऱ्यानंतर ते आमच्याकडे चालणार नाही, नवीन फ्रेमवर्कवर हलवा नाहीतर विसरा. सातही गावांची मंडई त्या वेबसाइटवर चालते हे तुला मी काय सांगू. तुझ्या पुण्याच्या लोकांना मंडई म्हटलं की भाजी आठवत असेल, पण इथं दिवाळीनंतर एकेका गावाची मंडई म्हणजे जत्रा, दंडारीचे नाच-खेळ, नाटक आणि घरोघरी पाहुणे. तारीख नक्की नसली तर वडशाच्या नाटक कंपनीतून नायिका आणि वाजवणारे कोणत्या दिवशी बोलवायचे? पाहुण्यांनी कोणत्या दिवशी यायचं? व्हाट्सअपवर विचारावं तर पाच गट आणि सहा तारखा. वेबसाइटवर आहे ती खरी, असं आता म्हातारेही म्हणतात.

मग अर्जुनीहून रविताला बोलावलं. तू तिला ओळखत नाहीस. नवऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात एका टेबलावर बसून ती लोकांच्या वेबसाइट सांभाळते, स्कूटीवर येते, चहात साखर तीन चमचे, बोलायला तिखट. आपल्या छपरीत लॅपटॉप मांडून बसली आणि तुझा कोड उघडल्या उघडल्या म्हणाली, ‘काका, तुमच्या पोरीनं हे असं काऊन केलं?’ मी म्हटलं, आमच्या पोरीनं केलं म्हणजे विचार करूनच केलं असणार. थोड्या वेळानं तिनंच कबूल केलं की डोकं आहे पोरीले.

हे फ्रेमवर्क काय प्रकरण आहे, ते तिनं मला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मीच तिला समजावलं, आणि ती म्हणाली बरोबर आहे. नाटक तेच, नट तेच, मंडप नवीन. आपला जुना मंडप बांबू आणि सुतळीचा होता, कुठेही काहीही बांधावं. नवीन मंडप लोखंडी पाइपांचा. मजबूत, वादळालाही हलायचा नाही, पण जिथं भोक असेल तिथंच बोल्ट बसतो, नाहीतर बसतच नाही. मजा ही की फोटोंना तिथं गोल जागा दिली होती, आणि माझ्या खलनायकाच्या फोटोतली मिशीच दोन्हीकडून उडाली. मी म्हटलं बाई, मिशीवर तर पात्र उभं आहे! अर्धा दिवस त्यात गेला, पण मिशी परत आली. तुझी ती सरकणारी ‘हार्दिक स्वागत’ची पट्टी मात्र गेली. मी भांडलो, हरलो.

खरी अडचण आली तारखेच्या रकान्यात. तुला आठवतं ना, तेव्हा तू एकेका गावाला मंडईची तारीख विचारत फिरलीस आणि एकानंही तारीख सांगितली नाही. आपण म्हणालो, बोरटोल्याची झाली की दुसऱ्या दिवशी आमची. बोरटोलेवाले म्हणाले, चिचटोल्याची होऊ द्या, मग आमची. आपल्याकडे तारीख अशीच सांगतात, त्यात आमचं काही चुकत नाही. तू बिचारीनं तोंड वाकडं न करता जसं सांगितलं तसंच घेतलं, आणि वेबसाइटला शिकवलंस की शेजारच्या गावाची तारीख पाहायची, एक दिवस पुढे मोजायचा आणि दाखवायचं. रविता म्हणाली, अशी वेबसाइट पुण्यातही कोणी केली नसंल. पण नवीन मंडपात काही ती बसेना. रविता कोडमध्ये एका गावावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली, आणि सातव्या गावी पाहते तर काय, त्यांनी लिहिलं होतं की आमची मंडई मोहटोल्याची झाल्यावर. मोहटोला म्हणजे आपण! ‘काका,’ ती म्हणाली, ‘हे तर गोल फिरून राहिलं. तुमच्या मंडईले सुरुवातच नाही.’

मी हसलो. म्हटलं असं कसं होईल, दरवर्षी मंडई होते, पाहुणे जेवून जातात, मी मार खाऊन मरतो, लोक टाळ्या वाजवतात. सुरुवातीची तारीख बोरटोल्याचे दुधरामजी काढतात, पंचांग त्यांच्याकडे असतं. लगेच दुधरामजींना फोन लावला. ते म्हणाले, ‘मी कायले काढू तारीख? मी तर वेबसाइट पाहतो. मले वाटे तूच काढतोस.’ मग मी सातही गावं फोनवर फिरलो. प्रत्येक जण म्हणतो, दुसरा कोणी काढत असेल, आम्ही वेबसाइट पाहतो. आचल, माझ्या हातातला चहा निवला. इतकी वर्षं सात गावांनी एकमेकांकडे बोट दाखवत मंडई भरवली, आणि तारीख काढणारा माणूस गावात कोणी नव्हताच.

तो माणूस रविताला सापडला. तुझ्या जुन्या कोडमध्ये अगदी खाली दरवर्षीची एकेक ओळ होती, हातानं लिहिलेली, प्रत्येक दसऱ्याला घातलेली. त्या वर्षी पहिलं गाव कोणतं आणि त्याची तारीख कोणती, ते तिथून निघत होतं आणि बाकीची गावं त्याच्या मागे चालत होती. ओळीपुढे तू स्वतःसाठी खुणा लिहिल्या आहेस. त्या रवितानं मला वाचून दाखवल्या. ‘पाऊस लांबला, हलका धान उशिरा कापतील, चार दिवस पुढे.’ ‘अर्जुनीचा बाजार टाळ.’ ‘शिंगाडे या वर्षी लवकर, विकणाऱ्या बायांना बरं पडेल.’ आणि एका वर्षी, ‘बाबांचा गुडघा, मोहटोला सगळ्यात शेवटी.’ त्या वर्षी आपली मंडई एकदम शेवटी गेली म्हणून मला नाटकापर्यंत उभं राहता आलं होतं. देवीची कृपा म्हणून मी पाच नारळ फोडले होते गं. ते तुझ्या नावानं फोडायला पाहिजे होते!

मग तुझी आई हात पुसत बाहेर आली आणि तिनं विचारलं की बोरटोल्याचं काय लिहिलं आहे. बोरटोला तिचं माहेर. रवितानं शोधून वाचलं, ‘बोरटोला नेहमी आपल्या आधी. आईला माहेरची मंडई बिनघोर करता यावी, घरी पाहुणे नकोत.’ तुझी आई परत आत गेली आणि कढईसमोर बसून रडली. मीही रडलो. खलनायकाला रडायचा सराव नसतो, त्यामुळे आवाज जरा मोठा निघाला, शेजारचे पाहायला आले. रविता म्हणाली, मी उद्या येते, तुमचं होऊ द्या.

सगळ्यांची सोय पाहिलीस, बाई. धान पाहिला, बाजार पाहिला, शिंगाडेवाल्या पाहिल्या, माझा गुडघा पाहिला. फक्त एका माणसाची सोय कोणत्याच ओळीत नाही. भाऊबीज झाली की तुझी रजा संपते, आणि मंडई तू दरवर्षी त्याच्या पुढे नेऊन ठेवलीस, कारण गावाला तेच सोयीचं होतं. आपल्या हातानं तारीख लिहायची आणि त्याच तारखेला पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसायचं, याला काय म्हणावं? आणि इकडे दुधरामजी पारावर बसून ऐकवत होते की गोवर्धनची पोरगी पुण्याची झाली, मंडई विसरली. तू एका शब्दानं सांगितलं नाहीस. का नाही सांगितलं तेही मला कळतं. एक पोरगी तारीख काढते म्हटल्यावर याच म्हाताऱ्यांनी दुसऱ्या दिवशी रुसवे धरले असते.

म्हणून मी ते लपवलं नाही. रविवारी सातही मंडळांना आपल्या समाजमंदिरात बोलावलं आणि भर सभेत सांगितलं. आधी एकदम गलका झाला. दुधरामजी उभे राहिले आणि ओरडले, ‘म्हंजे या पोरीनं आपल्याले इतकी वर्षं नाचवलं!’ मी बाह्या सरसावूनच बसलो होतो, पण त्यांनी उभ्याउभ्याच टोपी काढून डोकं खाजवलं, आणि म्हणाले, ‘पण भांडन झालं काय एकदा तरी?’ खरंच झालं नाही. वेबसाइटच्या आधी दरवर्षी व्हायचं, दोन गावांची मंडई एकाच दिवशी यायची, पाहुण्यांची ओढाओढ व्हायची, एकदा तर नायिकाच पळवली होती चिचटोल्यानं. म्हाताऱ्यांना वाटत होतं आपल्यालाच अक्कल आली. दुधरामजी खाली बसता बसता म्हणाले, ‘मंग तीच काढंल तारीख. पन आता तोंडावर काढंल, पुण्यात लपून नाही.’

आता कामाचं. रवितानं सातही वेबसाइट नव्या मंडपात आणून उभ्या केल्या आहेत. गावांची साखळी तिनं तशीच ठेवली आहे, आमची त्यांच्यानंतर, त्यांची यांच्यानंतर, कारण आम्ही काही सुधारायचे नाही. पण नवीन फ्रेमवर्कला पहिली तारीख कोण टाकतो त्याचं नाव लागतं, नावाशिवाय तो रकाना उघडतच नाही. सातही मंडळांच्या संमतीनं तिथं तुझं नाव घातलं आहे. पोस्टरही तयार आहे, वर माझी मिशी, खाली ‘उद्घाटक : आचल गोवर्धन, मोहटोला’. या वेळी आमदारसाहेबांना दुसऱ्या ओळीत घेतलं. नारळ तू फोडायचा, मग पडदा उघडायचा, आणि तुझी आई पहिल्या रांगेत तुझी जागा धरून बसणार. फक्त पोस्टरवर तारीख नाही. छापखानेवाला रोज विचारून राहिला, आणि वडशाची नायिकाही. दसऱ्याच्या आत रकाना भर. भाऊबीजेनंतरचा आणि उशिरा येणारा भारी धान कापायच्या आधीचा कोणताही दिवस घे, बाजाराचा आला तर बाजार आम्ही पाहून घेऊ, माझा गुडघा मी पाहून घेईन. या वर्षी बाकी काही पाहायचं नाही, पोरी. तू येशील ती तारीख टाक.

आई म्हणते, आधी रजा मंजूर करून घे, तारीख मग टाक.

तुझाच,
बाबा