माइक कुठे ठेवला होतास?

३ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल. तुझे भावोजी गुडघा धरून जिना चढतात, आणि कुणी बघत नसलं की न धरता चढतात. मी अजून त्याच विमा कंपनीत, त्याच टेबलावर लोकांचे नुकसानीचे दावे तपासते. लोक सांगतात, घरात पाणी शिरलं. मी गालिचा उलटून बघते.

सहा वर्षांनी पत्र कशाला, असं वाटलं असेल. फोन केला असता तर नाव बघून तू उचलला नसतास. आणि उचलला असतास, तर का उचलला असेल याचा मी आठवडाभर विचार केला असता. म्हणून पत्र. कामाचं आहे.

टीव्हीचा आवाज स्पीकरांना वाटून देणाऱ्या ज्या रिसीव्हरवरून आपलं बोलणं बंद झालं, तो मागच्या आठवड्यात बंद पडला. अगदीच गेलेला नाही. लावला की दहा मिनिटं चालतो, मग आतून टक्क असा आवाज येतो आणि पाचही स्पीकर गप्प. अर्धा तास थंड झाला की पुन्हा दहा मिनिटं. तूच आणून बसवलेली वस्तू आहे म्हणून तक्रार करत नाहीये. नोंद करतेय.

नवीन घ्यायचा तर दुकानात गेले. (तुझ्या नाही. तेवढी लाज आहे मला.) तिथे एक गृहस्थ भेटले, गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, त्यावर ‘ध्वनी सल्लागार’. पूर्वी अशांना विक्रेते म्हणत. त्यांनी हात चोळत विचारलं, “मॅडम साधारण काय ऐकतात?”

“आत्ता तुमचं ऐकतेय,” मी म्हटलं, “आणि पटत नाहीये.”

हसले. दुकानात एवढ्या लवकर हसणारा माणूस मला आवडत नाही.

त्यांनी तीन रिसीव्हर पुढे मांडले. एक साधा, पाच स्पीकरांपुरता. दुसरा जाडजूड, नऊ स्पीकरांचा, त्यातले दोन म्हणे छतात बसवायचे, म्हणजे पाऊस वरून पडल्यासारखा वाटतो. मी म्हटलं, आमच्या वरच्या मजल्यावरचे लोक ती सोय आधीपासून करतात. तिसरा सडपातळ, फोनवरून चालणारा. तो आपली आवड शिकून घेतो म्हणे. माझी आवड शिकायला तुझ्या भावोजींना सत्तावीस वर्षं पुरली नाहीत.

तिन्ही खोक्यांवर वॉटचे भलेमोठे आकडे. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, की हा आकडा एकच स्पीकर चालू ठेवून मोजलाय. म्हणजे पाच जणांना जेवायला बोलवायचं आणि पोटभर जेवल्याचा दाखला एकाचाच घ्यायचा. मग आत खरंच किती माल आहे ते बघायला मी तिन्ही रिसीव्हर एकेक करून उचलून पाहिले. सल्लागार धावत आले. “मॅडम, असं उचलून कुणी घेत नाही.”

“म्हणूनच सगळ्यांना हलके मिळतात.”

घरी येऊन इंटरनेटवरचे अभिप्राय वाचले. चांगले सगळे एकाच आठवड्यातले, वाईट सगळे एकाच माणसाने लिहिल्यासारखे. तुझे भावोजी म्हणाले, “कुठलाही घे. मला बातम्या कळल्या की झालं.” इतक्या चटकन ‘कुठलाही घे’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं, ते मी अजून शोधतेय.

आता मुद्दा. सल्लागारांनी सांगितलं की रिसीव्हर बसवताना ऐकणाऱ्याच्या जागेवर एक छोटा माइक ठेवतात. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून चिवचिवाट करतो आणि तो माणूस कुठल्या स्पीकरपासून किती लांब बसलाय ते मोजून लक्षात ठेवतो. मग त्या माणसाला नीट ऐकू जाईल असा आवाज वाटून देतो. “जुन्यातली अंतरं लिहून आणा,” म्हणाले, “म्हणजे मला खोलीचा अंदाज येईल.” तुझा तर धंदाच आहे हा, तुला काय सांगायचं.

मी दहा मिनिटांच्या मुदतीत मेनू उघडला आणि लिहून घेतलं. डावा ३.४ मीटर. मधला २.६. उजवा २.२.

मग ऑफिसचा मोजायचा टेप काढला. आमचा सोफा टीव्हीच्या बरोबर समोर, तो मी कधी इंचभर हलवलेला नाही. सोफ्यापासून डावा ३.८, उजवाही ३.८.

मनात पाल चुकचुकली.

पहिल्या दिवसापासून मी सांगतेय की आवाज डावीकडे कलतो आणि बातम्या देणारा अंगावर ओरडतो. तू म्हणालास, “ताई, बरोबर बसवलाय.” हे बरोबर? तर सरळ विचारते. माइक कुठे ठेवला होतास? चहाचा कप हातात होता म्हणून जिथे जागा दिसली तिथे टेकवलास? की हा रिसीव्हर आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या कुणाच्या दिवाणखान्यात नांदून आला होता, आणि हे आकडे त्या घरचे आहेत? खोक्याचं सील कापून पुन्हा चिकटवलेलं मी तेव्हाच दाखवलं होतं. तू उत्तर दिलं नव्हतंस.

आकडे दुसऱ्या घरचे असतील, तर मी तेव्हा बरोबर होते आणि विषय मिटला. नसतील, तर तसं कळव.

ताई


१२ मार्च

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. दुकानाच्या कार्डामागे दोन वाक्यं: “आकडे तुझ्याच घरातले. टेप तुझ्याकडे आहे.” उद्धटपणा ओळखीचा वाटला. चार वेळा वाचलं.

मग मी दोऱ्याचे तीन तुकडे कापले, तीन पॉइंट चार, दोन पॉइंट सहा आणि दोन पॉइंट दोनचे. एकेक टोक एकेका स्पीकरला चिकटवलं आणि तिन्हींची मोकळी टोकं तुझ्या भावोजींच्या हातात दिली. म्हटलं, तिन्ही दोरे ताठ होतील तिथे जाऊन उभे राहा. ते बिचारे दावं लावल्यासारखे खोलीभर फिरले. शेवटी खिडकीपाशी जाऊन थांबले. तिथे आता इस्त्रीचं टेबल असतं.

“इथे तर बाबांची खुर्ची होती,” ते म्हणाले.

“मला माहीत आहे.”

“मग विचारतेस काय?”

“मी विचारलं नाही.”

खरंच विचारलं नव्हतं, बारक्या. पहिल्या पत्रातही विचारलं नव्हतं. दोन पॉइंट दोन हा आकडा पाहिला तेव्हाच माझी नजर खिडकीकडे गेली होती. मी ती तिथून काढली आणि तुला दुसऱ्या कुणाच्या दिवाणखान्याबद्दल विचारलं. ती खुर्ची मी बाबा गेल्यावर आठ दिवसांत देऊन टाकली होती. मोकळं वाटेल असं वाटलं. नाही वाटलं, म्हणून टेबल आणलं.

त्या संध्याकाळी मी सोफ्यावर बसून दावा तपासायला घेतला. यावेळी आपल्याच घरातला.

बाबा शेवटची दोन वर्षं उजेडासाठी खिडकीत बसतात, असं मी सगळ्यांना सांगायचे. पण त्यांचं तोंड बाहेर नसायचं. आपण बोलायला लागलो की ते वळून आपल्या तोंडाकडे बघायचे, आणि आपलं तोंड तिकडे नसलं की परत खिडकीकडे. विनोदावर सगळे हसून झाले की मग हसायचे. मी ‘औषध घेतलंत का’ विचारलं की ‘हो हो’, ‘जेवणार का’ विचारलं की ‘हो हो’, आणि एकदा ‘ही इस्त्री कुणी जाळली’ विचारलं तरी ‘हो हो’. मी रागावले होते. लोकांचे गालिचे उलटून बघणाऱ्या बाईने घरात एवढंही पाहिलं नाही. एकदा विचारलं असतं, तर सील, खोका, डावं-उजवं, कशाचीच वेळ आली नसती.

आता तो दिवस. तू सोफ्याजवळ उभा होतास, मी खोका हातात घेऊन. मी म्हटलं, हा वापरलेला माल आहे, तू बापाला फसवलंस. तू फक्त खिडकीकडे पाहिलंस. बाबा बाहेर बघत होते. तू निघालास तेव्हा मी जिन्यात मागून ओरडले, “बाबांनाही पटलंय, एक शब्द तरी बोलले का ते?” ते वाक्य मी नंतर आत्याला सांगितलं, शेजारी सांगितलं, स्वतःला तर रोज सांगितलं. माझ्याकडे तेवढा एकच साक्षीदार होता.

त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

तू गेल्यावर ते वळले आणि म्हणाले, “बारक्या चहा न घेताच गेला?” मला वाटलं टोमणा मारतायत. मी म्हटलं, काम होतं त्याला. मग दर रविवारी, “बारक्या नाही आला?” आणि मी, “कामात आहे.” दीड वर्ष. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या भावोजींनाही नाही, पण ते त्या खोलीतच असायचे, म्हणजे त्यांना माहीत असणार. गुडघ्याचं ढोंग करतात, पण हे सहा वर्षं कसं पोटात ठेवलं कोण जाणे.

बाबा गेले त्या दिवशी तू दारातच उभा राहिलास. आत ये म्हणायला हवं होतं.

एकाच गोष्टीची संगती मला अजून लागत नाही. ते सील. माझी खोड म्हण, पण यावेळी पकडायला म्हणून विचारत नाहीये. खोका आधी का उघडला होतास?

तुझी ताई


२१ मार्च

प्रिय बारक्या,

यावेळी कार्ड नाही, पूर्ण कागद. सुधारणा आहे.

बाबा एकटेच बस बदलून तुझ्या दुकानात यायचे, हे मला माहीत नव्हतं. मला ते वाचनालयात जातो म्हणायचे. आणि पुस्तक एकही आणत नसत, त्याचीही मला शंका आली नाही, बघ. तू त्यांना दुकानाच्या मागच्या खोलीत बसवून खोके उघडलेस, आणि कुठल्या रिसीव्हरवर माणसांचं बोलणं त्यांना सगळ्यात जास्त समजतं ते तीन दुपारी तपासलंस. जो समजला तोच खोक्यात घालून, सील पुन्हा चिकटवून आमच्याकडे आणलास. ज्यातून बोलणं येतं तो मधला स्पीकर मुद्दाम मोठा ठेवलास. म्हणून तो बातम्या देणारा ओरडायचा. बाबांवर नाही ओरडायचा. त्यांच्याशी बोलायचा.

आणि तुझं ते शेवटचं वाक्य. बाबांनी तुला शपथ घातली होती, “तिला सांगू नकोस, ती माझ्या कानांचा पंचनामा करेल.”

केला असता. त्याच आठवड्यात. तक्ता करून.

ती शपथ तू बाबा गेल्यावरही पाळलीस. माझ्या तोंडावर एक वाक्य फेकलं असतंस तर मी सहा वर्षं आधी गप्प झाले असते. का नाही फेकलंस, ते विचारणार नाही. थोडं कळतंय.

तर रिसीव्हर. शनिवारी पुन्हा दुकानात गेले आणि सल्लागारांना विचारलं, तिघांपैकी कुठला दोन जागा लक्षात ठेवतो? ते गोंधळले. “दोन माणसं वेगवेगळी बसून ऐकतात का, मॅडम?”

“एक बसतं.”

“मग दुसरी जागा कशाला?”

“ती त्यांची आहे,” मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. बहुतेक पहिल्यांदाच ते हसले नाहीत, आणि मला माणूस बरा वाटला.

साध्यात एकच जागा राहते. सडपातळ बाता मोठ्या मारतो, पण पुस्तिका पाहिली तर त्यातही एकच. जाडजूड दोन लक्षात ठेवतो. तोच घेतला. छतातले दोन स्पीकर नकोत म्हणून सांगितलं. सल्लागार बसवायला माणूस पाठवत होते, त्याला मी येऊ दिलं नाही. तो माइक घेऊन कुठेतरी ठेवेल आणि बरोबर ठेवला म्हणेल. मला माणसं ओळखू येत नाहीत हे आता सिद्ध झालंय, तेव्हा अनोळखी माणूस नको.

काल इस्त्रीचं टेबल हलवलं. स्वयंपाकघरातली एक खुर्ची खिडकीपाशी ठेवली आणि जुना रिसीव्हर लावून बसले. बाहेरचा रस्ता दिसत होता. बातम्या देणारा अगदी समोर येऊन, नेहमीच्या आवाजात बोलत होता. काही डावीकडे नाही, काही अंगावर नाही. बाबा असं ऐकत असणार. दहा मिनिटं झाली आणि टक्क झालं. मी पुढचा अर्धा तास तिथेच बसून राहिले. तुझ्या भावोजींनी काही न विचारता चहा आणून दिला. ते विचारत नाहीत याचा मला आजवर संशय यायचा.

आता माझं काम. पहिली जागा सोफ्याची, ती कुणीही मोजेल. दुसरी जागा ३.४, २.६, २.२. आकडे माझ्याकडे आहेत, पण बसल्यावर त्यांचे कान किती उंचीवर यायचे ते मला आठवत नाही. मी कधी मोजलं नाही. तुला माहीत असेल, तू तीन दुपारी मोजलंस.

नवा खोका दिवाणखान्याच्या मधोमध आहे. सील मी कापलेलं नाही, मागून पुढून तपासलेलंही नाही. ते तू काप.

रविवारी ये. चहा घेऊन जा. तू येशील याबद्दल मला दाट शंका आहे. माझ्या शंका किती खोट्या ठरतात, ते आता आपल्या दोघांनाही माहीत आहे.

दार उघडं ठेवणारी,
तुझी ताई