चोळायला मनाई

ता. ६ जून

चि. चिमीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

गुडघे सोडले तर मी ठीक आहे. तुझ्या आईचं खुब्याचं हाड सांधतंय, पण नर्सिंग होममध्ये सतत उताणी पडून उजव्या टाचेला जखम झाली आहे. बेडसोअर म्हणतात. आधी तिथं नुसतं टणक लागत होतं, म्हणून मी रोज अर्धा तास तेल लावून रगडत होतो. सोमवारी कातडं फाटलं. सिस्टरने हातातली बाटलीच काढून घेतली आणि बजावलं की चोळूनच चिघळलंय, यापुढे हात लावायचा नाही.

चाळीस वर्षं मालिश करून घर चालवलं. भलेभले गडी माझ्या हाताखाली घोरायचे, आणि ही कालची पोर मला शिकवते. चार दिवस झाले, मी तिकडे फिरकलो नाही. जाऊन करू काय?

फोनवर तू रडशील, म्हणून लिहिलं.

तुझा बाबा

ता. ११ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

रडले नाही, रागावले. मग सिस्टरला फोन केला. ती म्हणते, हाडाखाली दबलेल्या मांसाला रक्त पोचत नाही, आणि रगडलं की ते आणखी तुटतं. तुम्ही मुद्दाम केलंत असं कुणाच्याच मनात नाही. आता दर दोन तासांनी आईची कूस बदलतात आणि पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवतात. जखम अजून वरवरची आहे. ती हाडापर्यंत गेली तर, या धास्तीने मला जेवण जात नाही.

आईलाही जात नाही. तुम्ही का येत नाही एवढंच विचारते आणि घास नाकारते. अंगात ताकद नसेल तर जखम भरायची कशी? तेव्हा रुसवा पुरे.

आणखी एक. आपल्यासारख्या सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून तिथल्या मुलींना दुखणं उशिरा कळतं. हाताला मात्र आधी कळतं, ती जागा गरम लागते, टणक लागते. असं हाताने तपासायला मी सिस्टरला तुमचं नाव सुचवून ठेवलंय. माझी फजिती करू नका.

लोभ आहेच, राग तेवढा आवरा.

आपली चिमी

ता. २८ जुलै

चि. चिमीस आशीर्वाद, वि. वि.

गेलो. आईने आधी तासभर फैलावर घेतलं आणि मग ताट साफ केलं. सिस्टरने माझी परीक्षाच घेतली. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या मास्तरांच्या खुब्यापाशी मला ऊब लागली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तिने लगेच त्यांना त्या कुशीवरून हलवलं, आणि दोन दिवसांत जागा निवली. तेव्हापासून रोज सकाळी तिच्याबरोबर मी आठ खाटांवरून हात फिरवतो. चोळायची खुमखुमी आली की हात खिशात घालतो. ती मला अजून शिकवते, आणि मी शिकतो. हे कुणाला सांगू नकोस.

तुझ्या आईची तक्रार आहे की तिचा नंबर शेवटी लागतो.

परवा जखम पूर्ण मिटली. पट्टी काढल्यावर मी टाचेला अलगद हात लावला. थंड होती. मी हात काढणार, तोच तुझी आई म्हणाली की जन्मभर हा हात कधी स्वस्थ बसला नाही, आता घटकाभर तसाच राहू द्या. मी राहू दिला.

तुझा बाबा