वजा पाच

३ फेब्रुवारी, सोमवार. विश्रामबाग, सांगली

सोडणार नाही त्याला. आधी हे लिहिलं, मग बॅग उघडली.

तीन आठवड्यांचा कोर्स. मायक्रोरिअ‍ॅक्टर! मला वाटलं, काहीतरी भारी मशीन असेल. तर टेबलावर दोन पंप आणि शिरेएवढी बारीक नळी, वेटोळं करून गार द्रवाच्या कुलिंग बाथमध्ये बुडवलेली. दोन द्रव दोन बाजूंनी येतात, नळीत भेटतात, माल थेंबाथेंबानं पलीकडे. साताऱ्याच्या कारखान्यात आमची दोन हजार लिटरची टाकी — त्यात ओतत राहायचं आणि जीव मुठीत धरून बसायचं.

५ फेब्रुवारी

पंपात बुडबुडा. दिवसभर बुडबुडा!

स्वप्नामॅडम शिकवतात. म्हणाल्या, "सुरुवातीचा माल फेकून द्यायचा. नळी स्थिरावली की येतो तो खरा. घाई नको."

मला घाई आहे. वीस तारखेला आमचे जुने मालक आप्पासाहेब डेमो बघायला येणार आहेत. सोबत प्लँट मॅनेजर धैर्यशील. मीच बोलावलंय दोघांना.

९ फेब्रुवारी, रविवार

एसटीनं साताऱ्याला, केरबामामांकडे. आमच्या शिफ्टचे ऑपरेटर. उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत. कप डाव्या हातात.

"सतरा वर्सं फौजेत काडली, साधं खरचटलं न्हाई. आन् ह्या टाकीनं बघ." मग म्हणाले, "कुनामुळं झालं त्ये मला कळाय पायजे. तू सोडू नगंस त्याला."

"नाही सोडत, मामा. शप्पथ."

पुन्हा लिहून काढते, राग शिळा व्हायला नको. धैर्यशीलचा कागद: दहा अंशाला ठेवा, चार तासांत ओता. मला तेव्हाच चार तास कमी वाटले होते. म्हणून मी तर आणखी काळजी घेतली, टाकी वजा पाचवर आणली! तापमानाचा काटा जागचा हलला नाही. ओतून झालं, मामांना म्हटलं, चिलिंग बंद करा. वीस मिनिटांत झाकणातून उसळलं. मामा झाकणापाशीच.

आणि तो चौकशीत काय म्हणाला? "पोरींना प्लँट झेपत नाही." सगळ्यांदेखत! मला घरी पाठवलं. त्याचा कागद कुणी तपासला? कुणी नाही.

१४ फेब्रुवारी

नळी तुंबली. साफ केली. परत तुंबली. आता झोपेतही काढून जोडता येईल मला.

वीसला मरून रंगाचा ड्रेस घालणार. मालकांसमोर त्याची बोबडी वळलेली बघायचीय. त्याला पाणी पाजलं नाही तर नावाची क्रांती नाही!

१८ फेब्रुवारी

त्याचाच कागद नळीत चालवला. दहा अंश. म्हटलं, आता भडकेल बघ. काही नाही! माल चक्क स्वच्छ. डोक्यात नुसती तिडीक.

असेल. नळीत सगळ्याचेच लाड होतात. उद्या शेजारी माझं चालवते — वजा पाच. मालकांना फरक दिसू दे, काळजी कशाला म्हणतात ते.

१९ फेब्रुवारी

वजा पाच. काटा ढिम्म. मी हसलेसुद्धा.

माल टेबलावरच्या बाटलीत जमत होता. चहाच्या कपाएवढा. मॅडमनी बाटलीकडे बघितलं, मला दंडाला धरून मागे ओढलं आणि टेबलापुढची सरकती काच खाली ओढली. बाटली फसफसली, उकळली, काचेवर तांबडं उडालं.

"थंडीत त्यांची रिअ‍ॅक्शन झालीच नाही गं. नुसतं साठत गेलं. बाहेर ऊब मिळाली, आणि सगळं एकदम," मॅडम म्हणाल्या. "इतकं थंड कुणी ठेवतं का?"

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मेल्याचा कागद बरोबर होता. 'पोरींना झेपत नाही' म्हणणाऱ्याचा! फरशी तीनदा पुसली. स्वच्छ होती तरी.

२० फेब्रुवारी

सकाळी मामांना फोन लावला.

"घावला का गं त्यो?"

"घावलं, मामा."

"कोन?"

"मी."

मामांनी फोन ठेवला नाही. मीच ठेवला.

खाली मालकांची गाडी आलीय. जिन्यात धैर्यशीलचा आवाज. बाथ वजा पाचवर लावलाय, बाटली काचेआड ठेवलीय.